१०९८ चाइल्ड हेल्पलाइन: कुठे कामाची, कुठे अपुरी आणि फोनवर नेमकं काय सांगायचं

फुकट, चोवीस तास, मोबाइलवरून किंवा लँडलाइनवरून, आणि नाव न सांगताही. मुलांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे जेवढी सरकारी दारं आहेत त्यांत १०९८ चं दार ठोठावायला सगळ्यात सोपं. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा फोन उचलणाऱ्यांवर ढकलणं मात्र अन्यायाचं होईल, तो मुख्यतः कायद्यामुळे गेला आहे. ज्या अत्याचाराची कायद्यात नेमकी व्याख्या आहे, तिथे यंत्रणेला काय करायचं ते माहीत असतं. जिथे कायदाच मोघम, तिथे ती चाचपडते, पालकांची समजूत घालते आणि बऱ्याचदा तिथेच थांबते. त्यामुळे या सेवेकडून काय अपेक्षा ठेवायची हे व्याख्या पाहिल्याशिवाय कळत नाही.

सेवा १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली. दहा-नऊ-आठ हा उतरता क्रम, लहान मुलालाही पाठ होणारा. पुढे ती देशभर पसरली आणि बरीच वर्षं स्थानिक स्वयंसेवी संस्थांमार्फत चालली. २०२३ पासून मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेखाली ती टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे गेली. आता फोन राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो, जिवाला धोका असेल तर तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाकडे जातो, नाहीतर जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या हेल्पलाइन पथकाकडे. या बदलाने एक गोष्ट मिळाली, एक गेली. दारात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पाठीशी आता सरकारी अधिकार आहे. पण वस्तीतली गल्ली न् गल्ली माहीत असलेला जुना कार्यकर्ता सगळीकडे उरलेला नाही. म्हणूनच फोनवर पत्ता कसा सांगितला जातो याला आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

फोन न करण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ‘आपल्याकडे पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न चुकीच्या कलमातून येतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला कलम २(१४) चा: ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’. इथे प्रश्न मुलाच्या स्थितीचा आहे. दुसरा कलम ७५ चा: मुलाशी क्रौर्य. इथे प्रश्न गुन्ह्याचा आहे, आरोपी आहे, पुरावा आहे. १०९८ चं काम मुख्यतः पहिल्या रस्त्यावर चालतं. फोन करणाऱ्याने काही सिद्ध करायचं नसतं, दिसलं ते सांगायचं असतं. गरज आहे की नाही हे याच कायद्याखालची पाच जणांची बाल कल्याण समिती ठरवते.

कलम २(१४) ची यादी लोकांना वाटतं त्याहून लांब आहे. घर आणि उपजीविकेचं साधन दोन्ही नसलेलं मूल, भीक मागणारं किंवा कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल, हरवलेलं किंवा पळून आलेलं, आईवडील नसलेलं किंवा त्यांनी सोडलेलं, ज्याचे पालक सांभाळायला असमर्थ ठरले आहेत असं, लग्नाचं वय होण्याआधी ज्याचं लग्न लावलं जाण्याचा धोका आहे असं. शिवाय ज्या माणसासोबत मूल राहतं त्याने मुलाला इजा केली, शोषण केलं, अत्याचार किंवा दुर्लक्ष केलं तरही. एवढंच नाही, नुसती धमकी दिली असेल आणि ती खरी होण्याची वाजवी शक्यता असेल तरी पुरे. त्याने दुसऱ्या एखाद्या मुलाचे हाल केले असतील आणि या मुलावरही तीच पाळी येण्याची शक्यता असेल, तरीसुद्धा हे मूल यादीत बसतं. मोठ्या भावाला बेदम मारणाऱ्या घरात धाकट्याच्या अंगावर वळ उठेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. वय १८ च्या आत, मुलगा असो वा मुलगी. वयाचा दाखला जवळ नसला तर अंदाज सांगावा, ते ठरवण्याची पद्धत कायद्यात वेगळी दिलेली आहे.

आता प्रत्यक्ष फोन. ‘आमच्या बाजूला एका पोराचे फार हाल होतात हो, काहीतरी करा’ ही तक्रार खरी असते पण तिच्यावरून कुणाला पाठवायचं आणि किती घाईने, हे ठरत नाही. उपयोगी तक्रार अशी असते: ‘मुलगी, अंदाजे सहा वर्षांची. सकाळी आठच्या सुमारास घरचे बाहेर पडतात, रात्री नऊला येतात. दाराला बाहेरून कुलूप असतं. सोबत एक रांगतं बाळ आहे. गेले पंधरा दिवस रोज. बाळाचं रडणं जिन्यात ऐकू येतं, मुलगी खिडकीतून शेजाऱ्यांकडे पाणी मागते.’ वय, वेळ, किती दिवस, सोबत कोण, डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं. पुढे पत्ता: इमारत किंवा चाळ, मजला, कुठल्या बाजूचा जिना, जवळची खूण, आणि मूल कोणत्या वेळी नक्की सापडेल. हे शेवटचं बहुतेक जण सांगत नाहीत आणि पथक पोचतं तेव्हा घर बंद असतं. ‘बाप दारुडा आहे’ यापेक्षा ‘शनिवारी रात्री पट्ट्याचा आवाज आला, रविवारी मुलाच्या पोटरीवर लांब वळ होते’ हे दहा पटींनी कामाचं. निष्कर्ष आपण काढायचे नाहीत. फोन ठेवण्याआधी तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्यावा, कारण नंतरचा सगळा पाठपुरावा त्याच्यावरच चालतो.

आणि एक करू नये ते. मुलाचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नये. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या चित्रणात लैंगिक अत्याचार असेल तर प्रकरण पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात जातं. तिथे ‘लोकांना सावध करायला पाठवला’ ही सबब चालत नाही, सूट फक्त तक्रार करण्यासाठी आणि न्यायालयात पुरावा म्हणून आहे. असं काही ऑनलाइन दिसलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही कळवता येतं, १०९८ त्यासाठी फारसा सोयीचा नाही.

या सेवेला पूर्ण गुण कुठे द्यायचे? हरवलेली मुलं, रेल्वे स्थानकावर किंवा बस स्टँडवर एकटं दिसलेलं मूल, ढाब्यावर कामाला लावलेला पोरगा, आणि ठरलेला बालविवाह. या सगळ्यात कायदा स्पष्ट आहे. एकटं सापडलेलं मूल दिसलं की २४ तासांत कळवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ ने बंधनकारक केलंय, आणि कळवायच्या ठिकाणांमध्ये चाइल्डलाइन सेवेचं नाव थेट आहे. म्हणजे इथे १०९८ ला फोन केला की कायद्याने घातलेली जबाबदारी पुरी झाली. बालविवाहात तर वेळेवर केलेला एक फोन सगळ्यात जास्त काम करतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई हुकूम देऊ शकतात आणि मनाई असतानाही लावलेलं लग्न कायद्याने मुळातच शून्य ठरतं. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण फोन हळदीच्या दिवशी करून उपयोग नाही, मनाई हुकूम मिळवायला कोर्ट उघडं लागतं. तारीख, कार्यालय किंवा मांडवाचा पत्ता आणि मुलीची शाळा कळली की त्याच दिवशी फोन करावा. शाळेचं नाव मिळालं की जन्मतारीख निघते, आणि तिथेच अर्धं काम होतं.

लैंगिक अत्याचाराची व्याख्या सगळ्यात काटेकोर आहे, तरी नेमक्या याच बाबतीत एकट्या १०९८ वर थांबणं धोक्याचं. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो मुलगा-मुलगी भेद करत नाही आणि प्रवेशी हल्ला, स्पर्शाचा हल्ला, स्पर्शाविना छळ, अश्लील चित्रणासाठी वापर असे प्रकार वेगवेगळे मांडतो. घरातला नातेवाईक, शिक्षक, पोलीस किंवा रुग्णालयातला कर्मचारी यांच्याकडून झालेला हल्ला अधिक गंभीर मानला जातो. कपड्यांवरून केलेला स्पर्श मोजायचा की नाही, हा वाद जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालाने उठला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल फिरवला: पाहायचा तो लैंगिक हेतू, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे.

अडचण पोक्सोच्या कलम १९ मध्ये आहे. गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या, किंवा होण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने तो विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचा आहे. या कलमात हेल्पलाइनचं नाव नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आम्ही १०९८ ला कळवलं होतं’ एवढ्यावर मुख्याध्यापकाने किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाने निर्धास्त राहू नये. १०९८ वरून मदतीचा माणूस मागवावा, समुपदेशन मागावं, आणि पोलिसांना स्वतंत्रपणे लेखी कळवून पोच घ्यावी. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

पुढची काही कलमं सोबत जाणाऱ्याने पाठ केलेली बरी. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. हेल्पलाइनचा कार्यकर्ता सोबत असला की या गोष्टी जास्त नीट पाळल्या जातात आणि सेवेचा खरा फायदा इथेच दिसतो. त्या आधी घरच्यांनी मुलाला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. दर वेळी तपशील थोडे सरकतात आणि बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच उलगडतो.

मारहाणीपाशी गुण घसरू लागतात. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ म्हणतं: मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याने मारहाण केली, टाकून दिलं, अत्याचार केला, मुलाला उघड्यावर किंवा धोक्यात सोडलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, आणि त्याने मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्यासारखा असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेचा माणूस असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मूल कायमचं जायबंदी झालं, मानसिक आजार जडला किंवा जिवावर बेतलं तर किमान तीन, कमाल दहा वर्षं. कागदावर हे भक्कम वाटतं. पण ‘अनावश्यक’ त्रास म्हणजे किती? ते लिहिलेलं नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, आणि ‘शिस्त लावत होतो’ हा युक्तिवाद त्याच आडोशाने येतो. बाल न्याय कायद्यात शारीरिक शिक्षेची व्याख्या चांगली सरळ आहे, शिस्तीसाठी किंवा सुधारण्यासाठी मुद्दाम दिलेली वेदना असं ती म्हणते. पण तिच्यावर आधारलेली कलम ८२ ची शिक्षा फक्त बालगृहासारख्या संस्थांना लागू. शाळेत शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागतं, ज्यात सेवानियमांनुसार कारवाई आहे. घराला यांतलं काहीच नाही.

त्यात २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक खोडा घातला. बाल न्याय कायद्याखालचे तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र झाले, आणि तीन वर्षांहून कमी शिक्षेचे आधीपासून अदखलपात्रच होते. म्हणजे कलम ७५ चा साधा प्रकार कुठल्याही हिशेबाने अदखलपात्र, न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हेल्पलाइनने प्रकरण ठाण्यात नेलं तरी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून परत पाठवलं जातं ते यामुळे. यावर उपाय आहे. चटका दिला असेल, तापवलेल्या वस्तूने किंवा हत्याराने इजा केली असेल, तर न्याय संहितेचं कलम ११८(१) लागतं आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून तक्रारीत ‘खूप मारलं’ असं न लिहिता कशाने, शरीरावर कुठे आणि जखम कशी दिसत होती, ते लिहावं. गरम उलथन्याचा डाग आणि हाताची थप्पड यांत पोलिसांच्या लेखी फार मोठं अंतर आहे.

सगळ्यात कमी गुण दुर्लक्षाला. हा शब्द कायद्यात ठिकठिकाणी येतो, पण त्याची व्याख्या कुठेच नाही. मूल घरी एकटं ठेवायचं किमान वय कायद्याने ठरवलेलं नाही. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास शिक्षा नाही. आजारी मुलाला दवाखान्यात न नेणं, दात किडून तोंड सुजेपर्यंत न बघणं, सतत पाणउतारा करणं, महिनोन् महिने अबोला धरणं, यांना स्वतंत्र कलम नाही. सगळं एका कलम ७५ मध्ये कोंबायचं आणि तिथे ‘जाणूनबुजून’ हा शब्द आडवा येतो.

आडवा येतो तो बऱ्याच अंशी योग्यच, असं आमचं मत. गरिबी म्हणजे दुर्लक्ष नव्हे, ही भूमिका कायद्याने निदान एका ठिकाणी ठामपणे घेतली आहे: परिस्थितीपुढे हतबल होऊन जन्मदात्यांनी मूल सोडलं तर ते जाणूनबुजून केलं असं मानलं जात नाही आणि कलम ७५ ची शिक्षा लागत नाही. मूल सांभाळणं अशक्य झालेल्यांना समितीपुढे रीतसर स्वाधीन करता येतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. अडचण उलट्या टोकाची आहे. पैसा, घर, गाडी सगळं असलेल्या घरातलं दुर्लक्ष पथकाच्या नजरेला पटकन दिसत नाही. फ्रिज भरलेला असतो, मूल स्वच्छ कपड्यांत असतं, भेट दहा मिनिटांत आटोपते. अशा ठिकाणी एका दिवसाचा नव्हे, काही आठवड्यांचा तपशील लागतो: शाळेतली गैरहजेरी, वर्गशिक्षकाने पाठवलेल्या चिठ्ठ्या, डॉक्टरांनी सांगूनही न केलेली तपासणी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्यावरची तारीख इथे साक्षीदारापेक्षा वजनदार ठरते. पालकांना सांगितलं होतं आणि तरी केलं नाही, हे तिच्यावरून दिसतं, आणि ‘जाणूनबुजून’ सिद्ध होतं ते तिथेच.

फोननंतर लगेच मूल उचलून नेतील, ही भीती अनेकांना गप्प बसवते. ती बहुतेक वेळा फुकाची आहे. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याचं तत्त्वच आहे. बाहेर काढावंच लागलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे उभं करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. बैठक चालू नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. गृहचौकशी १५ दिवसांत व्हायला हवी, अंतिम आदेश चार महिन्यांत. व्यवहारात गाडी अडते ती गृहचौकशीपाशी. अहवाल उशिरा येतो किंवा शेजारी ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणतात, आणि मुदती तिथून घसरत जातात. ज्याने फोन केला त्याने चौकशीच्या वेळी, नाव गुप्त ठेवायला सांगून का होईना, दोन वाक्यं बोलली तर अहवालाला आधार मिळतो.

सेवेतली खरी उणीव म्हणजे फोन करणाऱ्याला पुढे काय झालं ते कळत नाही. काही प्रमाणात ते बरोबर आहे, मुलाची माहिती त्रयस्थाला देता येत नाही. पण ‘भेट झाली की नाही’ एवढं विचारता येतं आणि विचारावं. आठवड्याभरात हालचाल दिसली नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा फोन. मग जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याला लेखी अर्ज, सोबत तारखांची यादी. तरीही शांतता असेल तर अर्ज थेट बाल कल्याण समितीकडे द्यावा, त्यासाठी वकील लागत नाही. समितीबद्दलच तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.